कोकणची आगगाडी पाण्यावरून जायची

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वाफेची आगगाडी कधी धावली, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर एका शब्दात देता येतं: कधीच नाही. रुळ आले तेव्हा विसावं शतक संपत आलं होतं, आणि त्यांच्यावरून डिझेलचं इंजिन आलं. धूर सोडणारं, शिटी मारणारं काळं इंजिन कणकवलीत, कुडाळात किंवा सावंतवाडीत कुणी प्रवासाला वापरलेलं नाही. पण म्हणून वाफ इथे आलीच नव्हती, असं नाही. ती पाण्यावरून आली होती. मुंबईच्या माणसाला आगगाडी जशी होती, तशी मालवणच्या, देवगडच्या, वेंगुर्ल्याच्या माणसाला आगबोट होती. तिला स्टेशनं होती, त्यांना आपण बंदरं म्हणत होतो. तिला वेळापत्रक होतं, तिकीट होतं, वरचा वर्ग आणि खालचा वर्ग होता, आणि निरोप द्यायला आलेली माणसंही होती.

मी उर्दू आणि मराठी या दोन भाषा शिकवतो. इतिहास हा माझा वर्गातला विषय नाही, पण भाषा शिकवणाऱ्याला इतिहास टाळता येत नाही. ‘आगबोट’ हा शब्द समजावून सांगायला गेलं की फळ्यावर अख्खा किनारा काढावा लागतो. आता हा शब्द मुलांना ठाऊक नसतो. त्यांना ‘क्रूझ’ ठाऊक असतं, ‘वॉटर स्पोर्ट्स’ ठाऊक असतं. ज्या बोटीने त्यांच्या पणजोबांना गिरणीत नेलं आणि ज्या बोटीने त्यांच्या घरी मनीऑर्डरचे पैसे आणि साबणाच्या वड्या आणल्या, तिचं नावही त्यांच्या कानावर पडलेलं नसतं. आणि ती बोट चालवणारे हात कुणाचे होते, हे तर त्याहून कमी लोकांना माहीत आहे. हा लेख त्या हातांसाठी आहे.

रुळ दूर का राहिले?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. साहिब, सिंध आणि सुलतान अशा नावांची तीन इंजिनं तिला जोडली होती. त्यानंतर रुळांनी जी दिशा घेतली ती कोकणची नव्हती. इंग्रजांना कापूस हवा होता, तो घाटावर आणि त्यापलीकडे वऱ्हाडात पिकत होता. म्हणून रेल्वे बोरघाट चढली, थळघाट चढली. ज्या कोकणात नदीपाठोपाठ नदी, खाडीपाठोपाठ खाडी आणि मध्ये सह्याद्रीच्या सोंडा, तिथे रुळ टाकायला पैसा ओतावा, असा माल इथून निघत नव्हता. इथून निघत होती ती माणसं. आणि माणसं बोटीनेही नेता येत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण रेल्वे न येताही रेल्वेने आपलं नुकसान केलं. वेंगुर्लं हे एके काळी बेळगावचं बंदर होतं. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली ती उगीच नाही. पुढे इंग्रजांच्या काळात घाटावरचा माल आंबोलीच्या बाजूने बैलगाड्यांनी उतरून वेंगुर्ल्याला गलबतांत भरला जायचा. १८८०च्या दशकात पोर्तुगिजांच्या मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसल रॉकपर्यंत रेल्वे झाली, ती पुढे दक्षिण मराठा रेल्वेला जोडली गेली, आणि घाटावरच्या मालाला समुद्रापर्यंत जायला रुळांची वाट मिळाली. बैलगाड्यांची रांग आटली. वेंगुर्ल्याचा व्यापार उतरला तो परत त्या उंचीला गेला नाही. रेल्वे शेजारून गेली आणि आपलं बंदर रिकामं करून गेली. विकास आपल्या दारात येत नाही तेव्हा तो फक्त ‘येत नाही’ असं नसतं. शेजारच्या दारात गेलेला विकास आपल्या दारातलं गिऱ्हाईकही घेऊन जातो.

दिवसभराचा किनारा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी या किनाऱ्यावर फिरू लागल्या. पुढे हा व्यवसाय बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या नावाने ओळखला गेला. स्वदेशीच्या वाऱ्यात मराठी माणसांनीही भागभांडवल गोळा करून एक कंपनी काढली. तिचं कागदावरचं नाव इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी, पण लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचे. तिच्या बोटींना ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी संतांची नावं होती. नावातच भावनेचं गिऱ्हाईक होतं, हे खरं. पण आपली माणसं आपल्या बोटीने जावीत ही इच्छाही खरी होती.

मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं करत पणजीला जायची. सगळ्याच बोटी सगळ्या बंदरांना लागत नसत, वेळाही बदलत राहिल्या, पण बंदरांची ही माळ जुन्या माणसांना पाठ असे. एका बाजूने प्रवासाला साधारण एक दिवस आणि एक रात्र लागायची. परतीच्या बोटीत, म्हणजे दक्षिणेकडून मुंबईला जाताना, आपला सिंधुदुर्गचा किनारा दिवसाउजेडी दिसायचा, असं जुने प्रवासी सांगतात. कल्पना करा: वेंगुर्लं सोडलं की समुद्रात वेंगुर्ल्याचे खडक आणि त्यांच्यावरचं दीपगृह. मग निवतीचा डोंगर, त्याच्या अंगावरचा किल्ला. भोगव्याच्या पुढे कर्ली नदीचं मुख आणि देवबागेची ती चिंचोळी जमीन, जिच्या एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. मग तारकर्लीचा वाळूचा पट्टा आणि मालवण.

मालवणला बोट धक्क्याला लागत नसे. किनाऱ्याजवळ खडक इतके, की बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. समोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी ज्याचं काम सुरू झालं आणि ज्याची तटबंदी जवळजवळ तीन किलोमीटर भरते, तो किल्ला. शिवरायांनी तो बांधला त्यामागे एक साधं कारण होतं: ज्याच्याकडे आरमार त्याचा समुद्र. त्या आरमारात दौलतखान होता, कोळी होते, भंडारी होते. दोनशे-अडीचशे वर्षांनी त्याच पाण्यात वाफेची बोट नांगर टाकून उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव निघायचे.

पडाव ही या सगळ्या प्रवासातली खरी परीक्षा. प्रवासी गुडघाभर पाण्यातून पडावात चढायचे. म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्या बायकांना खलाशी उचलून ठेवायचे. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या, काजूच्या पिशव्या, सुक्या मासळीची गाठोडी, एखादी कोंबड्यांची टोपली. पडाव बोटीच्या कुशीला लागला की लाटेबरोबर तो वर यायचा आणि खाली जायचा. वर आला त्या क्षणाला शिडी धरायची. तो क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट पाहायची. हा क्षण कोणता, हे पडावावरचा तांडेल ओरडून सांगायचा. त्याच्या एका शब्दावर अनोळखी माणसं आपली मुलं त्याच्या हातात द्यायची. त्याची जात, त्याचा धर्म त्या वेळी कुणी विचारल्याचं मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

किनाऱ्यावर उभ्या माणसांना क्षितिजावर धुराची रेघ दिसली की हाक उठायची: ‘बोट इली!’ आणि बोटीत चढलेल्यांपैकी निम्म्यांना थोड्याच वेळात बोट लागायची. हा वाक्प्रचार मराठीत तिथूनच रुजला. आज आपल्याला बस लागते, गाडी लागते. पण आधी लागली ती बोट.

मालवण सुटलं की सर्जेकोट, आचऱ्याची खाडी, मिठबाव, समुद्राला टेकलेलं कुणकेश्वराचं देऊळ, मग देवगड. आणि जिल्ह्याचं शेवटचं मोठं बंदर विजयदुर्ग, वाघोटण खाडीच्या तोंडावर. या खाडीने आत गेलं की खारेपाटण. एके काळचं नांदतं बंदर, आणि कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती. खाडी गाळाने भरत गेली तशी गलबतं मागे हटली. खारेपाटणच्या माणसाला मग मुंबईची बोट धरायला विजयदुर्गाला यावं लागायचं.

समुद्राची भाषा

मालवणीत, कोळ्यांच्या बोलीत आणि आमच्या घरातल्या कोकणी बोलीत समुद्राचे शब्द जवळजवळ एकच आहेत. आणि त्यातले कितीतरी शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. दर्या फारसी. बंदर फारसी. लंगर फारसी. किनारा फारसी. नाखवा म्हणजे मूळचा ‘नाखुदा’, नावेचा धनी. सारंग हा फारसी ‘सरहंग’वरून आला, म्हणजे पथकाचा म्होरक्या. खलाशी अरबीतून. तुफानही अरबीतून. अरबी ‘मौसिम’चा आपला मोसम झाला आणि युरोपियनांनी त्याचाच मान्सून केला. आणि ‘आरमार’ हा शब्द पोर्तुगिजांचा.

हे शब्द कुणी दरबारातून फर्मान काढून आणले नाहीत. ते वाऱ्याने आले. अरबस्तान आणि इराणच्या आखातातली गलबतं मोसमी वाऱ्यावर या किनाऱ्याला येत होती, इथली तिकडे जात होती. इथे थांबलेल्या, इथल्या बायकांशी लग्न केलेल्या, इथेच दफन झालेल्या माणसांनी आणि त्यांच्याबरोबर दर्यावर गेलेल्या कोळ्या-भंडाऱ्यांनी मिळून ही भाषा घडवली. आज कुणी मराठीतून परके शब्द काढून टाकायची भाषा करतं तेव्हा मी एवढंच म्हणतो, आधी ‘बंदर’ काढा, ‘किनारा’ काढा, ‘दर्या’ काढा, आणि मग कोकणचं वर्णन करून दाखवा.

‘आगबोट’ या शब्दात मात्र गंमत आहे. पुस्तकी उर्दूत तिला ‘दुखानी जहाज’ म्हणतात, म्हणजे धुराचं जहाज. मराठी माणसाने तिच्यात धूर पाहिला नाही, आग पाहिली. आणि ती आग पेटती ठेवणारे लोक बोटीच्या पोटात होते, प्रवाशांना दिसत नव्हते.

बोट चालवणारे हात

गॅझेटियरांत रत्नागिरी जिल्ह्याच्या (सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा होईपर्यंत आपण त्याच जिल्ह्यात होतो) लोकसंख्येचं वर्णन करताना दर्यावर जगणाऱ्या मुसलमानांचा उल्लेख येतो. मासेमारी आणि नौकानयन करणारे दालदी, आणि खलाशी, तांडेल, नाखवे म्हणून गलबतांवर जाणारे कोकणी मुसलमान. शिडाची गलबतं कमी होऊन आगबोटी आल्या तेव्हा हेच लोक आगबोटींवर गेले. फक्त किनारी बोटींवर नव्हे. पी. अँड ओ. सारख्या विलायती कंपन्यांच्या मोठ्या जहाजांवर डेकवरचे खलाशी मोठ्या प्रमाणात कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे मुसलमान असत, जेवणखाण आणि केबिनचं काम बहुतेक गोव्याच्या ख्रिश्चनांकडे, आणि इंजिनखोलीत पंजाब आणि सिल्हेटकडची माणसं. इंग्रज या सगळ्यांना मिळून ‘लस्कर’ म्हणत. हा शब्दही आपलाच, ‘लष्कर’. फक्त या लष्कराला ना गणवेशाचा मान होता, ना गोऱ्या खलाशाइतका पगार.

भरती सारंगामार्फत व्हायची. सारंग आपल्या गावातली, आपल्या नात्यातली पोरं घेऊन जायचा. त्यामुळे एका जहाजावर एकाच खाडीकाठची दहा-वीस माणसं सापडायची. यात आपुलकी होती, तसंच शोषणही होतं; नोकरी लावून देण्याबद्दल सारंगाचा हिस्सा ठरलेला असायचा. खलाशाच्या नोकरीचा दाखला गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवलेला असे, म्हणून त्या कागदालाच ‘नळी’ म्हणायचे. नळी असली तर काम, नळी हरवली तर पोट हरवलं. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांत माळ्यावरच्या पेटीत अशी नळी आणि तिच्यातले कागद होते. किती ठिकाणी आज आहेत, हे प्रत्येकाने आपल्या घरात पाहावं.

आणि फक्त खलाशीच नव्हे. बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीशी सर मोहम्मद युसुफ यांचं घराणं जोडलेलं होतं. जोगेश्वरीचं इस्माईल युसुफ कॉलेज, १९३० साली सुरू झालेलं, याच घराण्याच्या देणगीतून उभं राहिलं आणि वडिलांच्या नावाने ओळखलं जातं. मुंबईच्या समोर न्हाव्याला खलाशांना शिकवणारी ‘रहमान’ ही प्रशिक्षण संस्था १९१० पासून आहे, तीही याच घराण्याची. जहाजातून मिळालेला पैसा जहाजावर जाणाऱ्या गरीब पोरांच्या शिक्षणात घालावा, हे त्या काळात सुचणं लहान गोष्ट नाही. मी बीएडला असताना शिक्षणाच्या इतिहासात अनेक संस्थांची नावं पाठ केली. न्हाव्याच्या या शाळेचं नाव त्यात नव्हतं.

समुद्राने घेतलेली माणसं

बोटीच्या आठवणी सांगताना तिचा दुसरा हिशोब लपवायचा नसतो. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, तेव्हा भाऊच्या धक्क्याहून सकाळी रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती एक-दीड तासाची फेरी होती. त्या दिवशी गटारी अमावस्या होती आणि बरेच लोक सणाला घरी निघाले होते. जे वाचले त्यांना पाण्यातून काढलं ते मचव्यांवरच्या कोळ्यांनी. देशाची फाळणी होत होती, वर्तमानपत्रं दंगलींच्या बातम्यांनी भरलेली होती, आणि मुंबईच्या तोंडाशी सगळ्या धर्मांची माणसं एकाच पाण्यात हात मारत होती.

युद्धांत मेलेले खलाशी यात धरलेलेच नाहीत. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या, ज्यांना कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचं स्मारक आहे. नावं ब्राँझच्या पाट्यांवर कोरलेली आहेत. कोकणातून मुंबईला जाणारे आपण हाजी अलीला जातो, माहीमच्या दर्ग्याला जातो, राणीच्या बागेत मुलांना नेतो. मस्जिद स्टेशनला उतरून त्या पाट्यांसमोर एकदा फातेहा पढायला किती जण गेले असतील?

एक लहान आगगाडी

वाफेच्या छोट्या आगगाडीचं सुख कोकण विभागात एका ठिकाणी मात्र मिळालं: नेरळ ते माथेरान. ती समुद्रकाठची नाही, डोंगराची आहे. पण तिची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण तिच्यामागेही एक असंच नाव आहे जे लोक गाडीत बसताना वाचत नाहीत.

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले बोहरा व्यापारी. काठियावाडातल्या धोराजीचे. गरिबीतून वर आले, लष्कराला तंबू आणि बूट पुरवून श्रीमंत झाले. धारावीतला त्यांचा चामड्याचा कारखाना प्रसिद्ध होता. मुंबईचे शेरीफ झाले. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने माथेरानला रेल्वे न्यायचं मनावर घेतलं. १९०४ मध्ये काम सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी धावली, आणि खर्च सोळा लाख रुपये आला असं सांगतात. रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. वीस किलोमीटरच्या आसपासच्या वाटेत गाडी साडेसातशे मीटरहून जास्त चढते, काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. वळणं इतकी तीव्र, की साध्या आसांचं इंजिन तिथे वळलंच नसतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेल कंपनीकडून खास इंजिनं आणली, ज्यांचे पुढचे-मागचे आस वळणाबरोबर सरकायचे. पहाडाला बोगद्यांनी पोखरण्याऐवजी वाट डोंगराच्या अंगाने वळवत नेली. सगळ्या मार्गावर एकच छोटा बोगदा आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज ही स्टेशनांची नावं आजही तीच.

वाफेची इंजिनं १९८०च्या दशकात गेली, डिझेल आलं. २००५च्या अतिवृष्टीत रुळ वाहून गेले, गाडी दोन वर्षांनी पुन्हा सुरू झाली. ज्या गाडीत बसून आज लाखो पर्यटक फोटो काढतात, ती एका मुसलमान बापलेकांनी स्वतःच्या खिशातून बांधली, हे वाक्य मी कुणाला चिमटा काढायला लिहीत नाही. पीरभॉयांनीही ते ‘मुसलमानांसाठी’ बांधलं नव्हतं. माथेरानला हवा खायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी बांधलं होतं. तेच तर सांगायचं आहे.

जेद्दा आणि मालवण, एकाच कंपनीची तिकिटं

स्वातंत्र्यानंतर बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन सिंदिया कंपनीत विलीन झाली. पुढे कोकणची बोट चौगुले कंपनीकडे गेली. खासगी कंपन्यांना ही सेवा परवडेना, आणि १९७३ साली संसदेने कोकणच्या प्रवासी बोटी ताब्यात घेण्याचा कायदा केला. त्या चालवायला दिल्या मोगल लाईनकडे.

मोगल लाईन हे नाव आमच्या घरांत वेगळ्या कारणाने घेतलं जायचं. १८७७ साली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी म्हणून सुरू झालेली ही कंपनी मुख्यतः हाजींना जेद्द्याला नेणारी. ‘इस्लामी’, ‘मोहम्मदी’, ‘मुजफ्फरी’, ‘अकबर’ ही तिची जहाजं. गावातून कुणी हजला निघालं की अख्खं मोहल्लं बंदरापर्यंत जायचं, कारण जाणारा परत येईलच याची खात्री नसायची. आणि आता त्याच कंपनीची बोट गणपतीला चाकरमानी आणि मे महिन्यात मुलंबाळं घेऊन कोकणात येऊ लागली. एका कंपनीच्या हिशोबवहीत अराफातला निघालेला हाजी आणि गौरी-गणपतीला निघालेला गिरणी कामगार दोघेही प्रवासी होते. सरकारने हे ठरवून केलं नव्हतं. ज्याच्याकडे बोटी चालवायची अक्कल होती त्याच्याकडे काम दिलं, एवढंच. पण इतिहासात अनेक चांगल्या गोष्टी अशाच, न ठरवता होतात.

१९८६ मध्ये मोगल लाईन शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. ऐंशीचं दशक संपता संपता कोकणची बोटही संपली. हजची जहाजं १९९५ पर्यंत चालली, मग सगळे हाजी विमानाने जाऊ लागले. मुंबई-गोवा रस्ता सुधारला होता, एसटी गावागावात पोचली होती. बोट थांबली तेव्हा तिच्यासाठी फार कुणी रडलं नाही.

रुळ आले, बंदरं गेली

कोकण रेल्वेची मागणी पिढ्यान्‌पिढ्यांची. अ. ब. वालावलकरांनी तिच्यासाठी आयुष्य घातलं. नाथ पै आणि मधू दंडवते यांनी संसदेत ती लावून धरली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, ई. श्रीधरन यांच्याकडे काम आलं. आणि १९९८ च्या जानेवारीत रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा ७४० किलोमीटरच्या आसपासचा मार्ग पूर्ण खुला झाला. ९० हून अधिक बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल. ज्या डोंगरांना इंग्रज घाबरले ते आपल्या इंजिनियरांनी आणि मजुरांनी सात-आठ वर्षांत फोडले. हा अभिमान मलाही आहे. कोकणकन्येचं तिकीट मिळवण्याची धडपड मलाही दरवर्षी करावी लागते.

पण नकाशा उघडून पाहा. रेल्वे गेली वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या बाजूने. किनाऱ्यापासून आत. देवगड, मालवण, वेंगुर्लं, विजयदुर्ग यातल्या एकाही बंदरात स्टेशन नाही. मालवणला जायला कणकवली किंवा कुडाळला उतरून पुन्हा तास-दीड तास गाडी. तीनशे वर्षं ज्या गावांची तोंडं समुद्राकडे होती, त्यांना आता पाठ फिरवून जगाकडे जावं लागतं. बाजारपेठा आत सरकल्या. नोकऱ्या, कॉलेजं, दवाखाने आत सरकले. बंदरावरची जुनी कार्यालयं, माल ठेवायच्या वखारी आणि तिथल्या मशिदी, देवळं, चर्च यांच्या आसपासची वस्ती म्हातारी झाली. पर्यटनाने मालवणला पुन्हा पैसा दिला हे खरं. पण पर्यटक किल्ला पाहून संध्याकाळी परत जातो. बंदराला धंदा लागतो तो रोजच्या येण्या-जाण्याने.

‘तुम्ही इथले कधीपासून?’

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आपल्या मुलांना विचारला जाऊ लागला आहे. कधी शाळेच्या बसमध्ये, कधी क्रिकेटच्या मैदानावर, कधी मोबाईलच्या ग्रुपवर. विचारणारा बहुतेक वेळा त्यांच्याच वयाचा असतो आणि त्यालाही हा प्रश्न कुणीतरी शिकवलेला असतो. उत्तर देताना आपली मुलं दोनपैकी एक चूक करतात. एक तर गप्प बसतात. किंवा ताजमहाल, लाल किल्ला आणि टिपू सुलतान यांची नावं घेऊन भांडतात.

ताजमहालाशी खारेपाटणच्या तांडेलाचा काय संबंध? आपला इतिहास बादशहांचा नाही. तो पडावावर उभा राहून ‘आता धर!’ म्हणून ओरडणाऱ्या माणसाचा आहे. इंजिनखोलीच्या उष्म्यातून वर येऊन गार वाऱ्यात बसलेल्या माणसाचा आहे. पत्र्याच्या नळीत आपलं आयुष्य गुंडाळून ठेवणाऱ्याचा आहे. आणि त्या इतिहासात आपण एकटे नाही. पडावातला प्रवासी भंडारी होता, वल्ही मारणारा गाबीत होता, वरच्या वर्गात बसलेला सावकार सारस्वत होता, स्वयंपाकघरातला गोव्याचा ख्रिश्चन होता. कुणाशिवाय ती बोट निघाली नसती. ‘आम्ही इथले कधीपासून’ याचं उत्तर हेच, की इथे मोसमी वारा जेव्हापासून वाहतो आणि त्यावर शीड उभारायला माणूस लागतो, तेव्हापासून आम्ही त्या माणसांत आहोत.

पण हे उत्तर तोंडाने देऊन भागत नाही, ते दाखवावं लागतं. आणि इथे आपण समाज म्हणून कमी पडलो आहोत. घर पाडून नवं बांधताना माळ्यावरची पेटी भंगारवाल्याला जाते, तिच्याबरोबर आजोबांची नळी जाते, जहाजाच्या नावाची पितळी बिल्ले जातात, मोगल लाईनचं पिवळं पडलेलं तिकीट जातं. जी माणसं बोटीवर होती त्यांतली बरीच आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्याशी बोलायला वेळ थोडा उरला आहे.

म्हणून वाचकांना एक साधी विनंती. तुमच्या घरात, शेजारात, गावात कुणी बोटीवर काम केलेलं असेल, हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिश्चन असो, तर त्यांच्याजवळ बसा आणि चार गोष्टी लिहून घ्या: कोणत्या बोटीवर होते, कोणत्या साली, काम काय होतं, बरोबर गावातलं कोण होतं. जुना कागद असेल तर मोबाईलवर त्याचा फोटो काढा, मूळ कागद परत पेटीत ठेवा. शिक्षक असाल तर सहावी-सातवीच्या मुलांना हाच प्रकल्प द्या. मराठी शाळेतली आणि उर्दू शाळेतली मुलं मिळून करतील तर उत्तम, कारण एकाच बोटीची गोष्ट दोन्हीकडे अर्धी अर्धी पडलेली आहे. लिहिलेली वही गावच्या वाचनालयात ठेवा. सिंधुदुर्ग किल्ल्याचे दगड सांभाळायला सरकारी खातं आहे. सारंगांची आणि तांडेलांची नावं सांभाळायला आपल्याशिवाय कुणी नाही.